सबसिडी सल्लागार, नाशिक: ज्ञानाला पाच तारे, फीच्या कराराला अडीच

आधी निकाल सांगते. कायद्याची जाण: पाचपैकी पाच. कागद लावण्याचं काम: साडेचार. फोन उचलणं: तीन. स्वतःच्या फीचा करार: दोन, घासाघीस झाल्यावर अडीच. ऑफिसचं नाव टाकत नाही, कारण आमचा पुढचा क्लेम अजून त्यांच्याच टेबलावर आहे आणि मी काही वेडी नाही. शरणपूर रोडच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी बसतात, एवढं पुरे. आणि तसंही हे सगळं वाचून तुम्ही दुसऱ्या कुणाकडे गेलात तरी प्रश्न हेच विचारायचे आहेत.

अंबडला आमचं प्रेस शॉप आहे. मोटारीला लागणारे शीट मेटलचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प. मशीन आणि माणसं भाऊजी सांभाळतात. बँक, कर आणि सरकारी कागद माझ्याकडे. नवी हायड्रॉलिक प्रेस घेऊन विस्तार केला, सामूहिक प्रोत्साहन योजनेत अर्ज केला आणि पात्रता प्रमाणपत्र हातात आलं. भाऊजींनी ते देवघरात ठेवलं. मी झेरॉक्स काढली.

ज्यांना ही योजना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात ही योजना १९६४ पासून वेगवेगळ्या रूपांत चालत आली आहे. मुंबई-पुण्याच्या पट्ट्याबाहेर कारखाना काढा, सरकार तुम्हाला काहीतरी परत देईल, हा तिचा गाभा. कधी विक्रीकर माफ, कधी विक्रीकर लांबणीवर, मग व्हॅटच्या हिशेबानं अनुदान, आणि आता एसजीएसटीच्या, म्हणजे जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याच्या, हिशेबानं. म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा, सरकारात भरायचा, आणि त्यातला ठरलेला भाग ठरलेली वर्षं, गुंतवणुकीच्या ठरावीक मर्यादेपर्यंत, अनुदान म्हणून परत मागायचा. मागायचा म्हणजे दर वर्षी क्लेम लावायचा. त्या क्लेमसाठी हा सल्लागार.

पहिली बैठक फी घेऊन असते. पुढे काम दिलं तर ती रक्कम वळती करतात. मला हे आवडलं. फुकट सल्ला देणारा माणूस कशाची तरी वसुली नंतर करतोच.

सरांनी (वय साठीच्या आसपास, जुन्या विक्रीकराच्या काळापासूनची प्रॅक्टिस) प्रमाणपत्र वाचलं, पेन्सिलीनं दोन-तीन जागी रेघ मारली आणि म्हणाले, "मॅडम, प्रमाणपत्र राहू दे बाजूला. विक्रीचं रजिस्टर आणलंय?" पेन ड्राइव्ह होता. त्यांच्याकडे बसणाऱ्या मुलीनं एक्सेल उघडलं आणि गिऱ्हाइकांच्या जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे वेगळ्या रकान्यात काढले. २७ म्हणजे महाराष्ट्र. तिनं २७ चा फिल्टर लावला आणि पडद्यावरची निम्मी यादी गडप झाली. २४ गेला, म्हणजे आमचं साणंदचं गिऱ्हाईक गेलं. ०६ गेला, म्हणजे गुरुग्राम. ३३ गेला, होसूर. राहिले चाकण आणि वाळूज.

"अनुदान एवढ्याच विक्रीवर," सर म्हणाले.

कारण सोपं आहे, पण आम्हाला ते तोपर्यंत कुणी असं पडद्यावर दाखवलं नव्हतं. व्हॅटच्या काळात बाहेरच्या राज्यात माल गेला तरी २ टक्के सीएसटी (केंद्रीय विक्रीकर) माल पाठवणाऱ्या राज्याच्याच तिजोरीत पडायचा. परत द्यायला राज्याच्या हातात काहीतरी होतं. जीएसटी हा जिथं माल खपतो त्या राज्याचा कर. साणंदला गेलेल्या ब्रॅकेटवर आम्ही आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) भरतो आणि त्यातला राज्याचा वाटा गुजरातला जातो. महाराष्ट्र सरकार गुजरातच्या पैशातून आम्हाला अनुदान कशाला देईल? म्हणजे २०१७ च्या १ जुलैला कुणीही आमच्यासारख्यांच्या विरोधात काही केलं नाही, कुठलीही सवलत 'रद्द' झाली नाही. फक्त कराची दिशा बदलली आणि परराज्यात माल पाठवणाऱ्यांच्या अनुदानाखालची जमीन सरकली.

त्याच मुलीनं आणखी एक ओळ बाजूला काढली: भंगार. प्रेस शॉपमध्ये पत्र्याचं भंगार बरंच निघतं, ते गावातच विकलं जातं, त्यावर एसजीएसटी भरलेला असतो. पण प्रमाणपत्रावर ब्रॅकेट आणि क्लॅम्प लिहिलेत, भंगार नाही. ते क्लेममध्ये घातलं की जिल्हा उद्योग केंद्रातून शेरा येतो आणि सगळी फाइल परत फिरते. या मुलीचा पगार वाढवा, असं मी सरांना तिथंच सांगितलं.

पेन्सिलीची दुसरी रेघ दरावर होती. मोटारीच्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, म्हणजे राज्याचा अर्धा वाटा १४. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालासाठी २८ चा टप्पा गेला आणि आमचा माल १८ वर आला, म्हणजे राज्याचा वाटा ९. बाजारात आनंदीआनंद. लहान गाड्या स्वस्त झाल्या, चाकणहून शेड्यूल वाढवून आलं, भाऊजींनी पेढे वाटले. सरांनी कागदावर हिशेब मांडला: राज्यातल्या एक कोटीच्या विक्रीवर आधी १४ लाख एसजीएसटी, आता ९ लाख. जो काही टक्का परत मिळणार तो या आकड्यावर. पूर्वीइतकंच अनुदान हवं तर एक कोटीच्या जागी दीड कोटीच्या वर विक्री हवी. पात्रतेची वर्षं मात्र वाढत नाहीत.

या हिशेबाला कुणी कधी 'कायद्याचा धोका' म्हणत नाही. आपल्याला वाटतं धोका म्हणजे सरकारनं शब्द फिरवणं. इथं सरकारनं शब्द पाळला, प्रमाणपत्राला हातही लावला नाही, आणि अनुदान तरीही तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटलं. बरं, दाद मागायची कुणाकडे? दर ठरतो जीएसटी परिषदेत. तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. मुंबईत बसलेल्या उद्योग खात्यानं दिलेलं आश्वासन दिल्लीच्या बैठकीत पातळ होतं, आणि त्या बैठकीत आपलं राज्य हे अनेकांतलं एक.

मी विचारलं, "मग कोर्टात काय होतं?" इथं सर रंगात आले. ही बैठकीतली सगळ्यात चांगली अर्धी घटका.

कानपूरच्या मोतीलाल पदमपत शुगर मिल्सची गोष्ट त्यांनी आधी सांगितली. वनस्पती तुपाचा कारखाना काढा, तीन वर्षं विक्रीकर माफ, असं उत्तर प्रदेश सरकारनं सांगितलं, कारखाना उभा राहिला, आणि सरकार फिरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ च्या डिसेंबरात सरकारला सांगितलं, तुमच्या शब्दावर माणसानं पैसा घातलाय, आता मागे फिरता येणार नाही. सगळे सल्लागार हा निकाल सांगतात आणि तिथंच थांबतात. गिऱ्हाईक खूश होतं, सही करतं.

हे थांबले नाहीत. कच्छच्या भूकंपानंतर तिथं कारखाने यावेत म्हणून केंद्रानं अबकारी कराच्या परताव्याची योजना काढली. पुढे गैरवापर होतो म्हणून २००८ मध्ये परतावा मूल्यवर्धनापुरताच, म्हणजे कारखान्यानं मालाच्या किमतीत जेवढी भर घातली तेवढ्यापुरताच, मर्यादित केला. व्हीव्हीएफ कंपनीच्या खटल्यात २०२० च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती काटछाट मान्य केली. सार्वजनिक हित मोठं. त्यानंतर हिरो मोटोकॉर्प. उत्तराखंडात कारखाना काढला तेव्हा दहा वर्षं अबकारी कर पूर्ण माफ होता. जीएसटी आला, अबकारी कराची माफीच संपली, आणि केंद्रानं सीजीएसटीच्या (जीएसटीतल्या केंद्राच्या वाट्याच्या) ५८ टक्के परत देऊ असं ठरवलं. ५८ च का? कारण तेव्हा केंद्राच्या करातला ४२ टक्के वाटा राज्यांना जात होता. केंद्र म्हणालं, माझ्याकडे राहतं त्यातूनच मी देणार. कंपनीनं शंभर टक्के मागितले. २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायालयानं मागणी फेटाळली: कायदेमंडळाला असं शब्दात अडकवता येत नाही. राज्यांनी आणि जीएसटी परिषदेनं विचार करावा, एवढं मात्र म्हटलं.

उलट बाजूही सांगितली. झारखंडच्या ब्रह्मपुत्र मेटॅलिक्सच्या खटल्यात २०२० च्या डिसेंबरात न्यायालयानं उद्योगाची बाजू घेतली. तिथं विजेच्या शुल्कात सूट देऊ असं धोरणात लिहिलं होतं, पण तशी अधिसूचना काढायला सरकारनं उशीर केला आणि मग उशिराचाच फायदा घेऊ पाहिला. तर ढोबळ मानानं असं: खात्यानं आळस केला किंवा मनमानी केली तर कोर्ट तुमच्या बाजूनं उभं राहू शकतं, विधानसभेनं किंवा संसदेनं कायदाच बदलला तर फार आशा ठेवू नका. हा फरक मला याआधी कुणीही समजावला नव्हता, आमच्या सीएनंही नाही. पाच तारे यासाठी.

बोलता बोलता माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो हे निघालं. "कुठे?" कुपर्टिनोच्या जवळ. सर खुर्चीत पुढे सरकले. "मग त्याला सांगा, तो ज्या गावाच्या ग्रंथालयात जातो ना, त्या गावाचीच फाइल आहे ही."

कॅलिफोर्नियात विक्रीकराचा मूळ दर ७.२५ टक्के, आणि विक्री ज्या गावात झाली असं धरलं जातं त्या गावाच्या वाट्याला त्यातला, म्हणजे विक्रीच्या किमतीवरचा, १ टक्का येतो. मग गावं कंपन्यांशी करार करतात: तुमची विक्री आमच्या गावात दाखवा, आमच्या वाट्यातला काही भाग तुम्हाला परत. कुपर्टिनोनं ॲपलशी असा करार १९९७ पासून केलेला. ॲपलमुळे येणाऱ्या विक्रीकरातला ३५ टक्के भाग कंपनीला. राज्यातली ऑनलाइन विक्री कुपर्टिनोत झाली असं धरायचं, म्हणजे कुणी सॅन डिएगोत बसून फोन मागवला तरी स्थानिक कर कुपर्टिनोला. बाकीची गावं कुरकुरत होतीच. २०१९ मध्ये स्टीव्ह ग्लेझर या सिनेटरांनी ऑनलाइन विक्रीवरचे असे करार बंद करणारं विधेयक आणलं, ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, आणि गव्हर्नर न्यूसम यांनी अडवलं. करार वाचला. पण २०२३ मध्ये राज्याच्या कर खात्याच्या तपासणीतून वेगळाच प्रश्न आला: ही विक्री मुळात कुपर्टिनोची धरायची का? उत्पन्न कोसळणार म्हणून शहराला खर्चाला कात्री लावावी लागली. कायदा बदललाच नाही, तरी कराराच्या पायाशी असलेली व्याख्या हलली. टेक्सासात राउंड रॉक शहर आणि डेल या कॉम्प्युटर कंपनीचं असंच. तिथला करार १९९३ चा. २०२० मध्ये राज्याच्या कॉम्प्ट्रोलरनं (कर खात्याच्या प्रमुखानं) ऑनलाइन विक्री कुठली धरायची याचा नियम बदलला आणि शहरं कोर्टात गेली.

हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे फिल्टर लावलेलं आमचं रजिस्टर होतं. विक्री कुठली धरायची, हाच प्रश्न. त्यांच्याकडे गावा-गावांत, आपल्याकडे राज्या-राज्यांत.

आपल्या महापालिकेला असा करार करताच येत नाही, कारण वाटून द्यायला तिच्याकडे विक्रीकरच नाही. होती ती जकात. विल्होळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. २०१३ च्या मे महिन्यात नाशकात जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. दुकानदारांनी शटर ओढली, आम्ही नवं सॉफ्टवेअर घेतलं. १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ, सॉफ्टवेअर पाण्यात. २०१६ ला तर मुळावरच घाव: गावाच्या हद्दीत येणाऱ्या मालावर कर लावण्याची राज्य सूचीतली ५२ वी नोंदच घटनादुरुस्तीनं काढून टाकली. आता महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर, जी कायद्यानं दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढवून द्यायची आहे. चार-पाच वर्षांत एकाच गावात तीन कर पाहिलेल्या माणसांना 'पुढची अनेक वर्षं अमुक टक्के' हे वाक्य वाचून झोप कशी लागते, मला कळत नाही. भाऊजींना लागते.

बैठकीतला सगळ्यात कामाचा सल्ला मात्र एका वाक्याचा होता. बँकेनं आमच्या कर्जाच्या प्रस्तावात अनुदान येणं धरून हप्ते बसवले होते. सर म्हणाले, अनुदान शून्य धरा आणि हप्ता झेपतो का बघा. झेपत नसेल तर प्रेस लहान घ्या. कारण प्रमाणपत्रावरच 'अर्थसंकल्पीय तरतुदीच्या अधीन राहून' असे शब्द आहेत. क्लेम मंजूर होणं आणि पैसे खात्यात पडणं या दोन तारखांमध्ये कितीही काळ जाऊ शकतो. बँकेचा हप्ता थांबत नाही. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा भाऊजी चिडले. "वहिनी, सरकारचं पत्र आहे ते, कुणा भुरट्या बिल्डरचं नाही." मुदत वाढवून हप्ता खाली आणला. अजून कधीमधी टोमणा येतो.

आता फी.

करार चार पानी, इंग्रजीत, बारीक टायपात. त्यात फी मंजूर रकमेच्या टक्क्यांत, आणि देय कधी? मंजुरीपत्र निघाल्यावर. म्हणजे सरकारचे पैसे यायच्या आधी सरांचे जायचे. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. तो क्रेडिटमध्ये मिळतो हे खरं, पण आधी खिशातून काढायचाच. पुढच्या पानावर: 'शासनाच्या धोरणात, कायद्यात किंवा करदरात बदल झाल्यास सल्लागार जबाबदार राहणार नाही व फीमध्ये कपात होणार नाही.' आणि त्याखाली: दिलेलं अनुदान शासनानं पुढे वसूल केलं तरी फी परत नाही.

मी म्हटलं, "सर, तुम्ही आत्ताच मला कानपूर ते कॅलिफोर्निया फिरवून आणलंत. कायदा बदलला तर गिऱ्हाइकाचं काय होतं ते सांगितलंत. मग ते तुमच्या फीला का लागू नाही?"

हसले. चिडले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहिते. म्हणाले, "मॅडम, या मुलींचे पगार मी अर्थसंकल्पीय तरतुदीच्या अधीन राहून देऊ शकत नाही."

मुद्दा चोख होता. पण माझे प्रेस ऑपरेटरही तसे पगार घेत नाहीत. मग बसलो. शेवटी ठरलं ते असं: फीचा अर्धा भाग मंजुरीवर, अर्धा पैसे खात्यात पडल्यावर आणि तेही जेवढे पडले त्या प्रमाणात. हप्त्या-हप्त्यानं आले तर फीही हप्त्यानं. किमान फी म्हणून एक ठोक रक्कम त्यांनी घातली होती, ती जीएसटीचा दर खाली आल्यामुळे कमी करून घेतली. वसुलीचं कलम मात्र हलवलं नाही. उद्या एखादा शासन निर्णय मागच्या तारखेपासून लागू झाला आणि आमच्याकडून पैसे परत मागितले, तर सरांची फी सरांकडे. ज्या धोक्याबद्दल ते सगळ्यात चांगलं बोलतात त्यातला एक पैसाही ते स्वतःच्या अंगावर घेत नाहीत. अर्धा तारा वाढवला तो हप्त्यांसाठी. बाकीचे अडीच या कलमानं खाल्ले.

एक मान्य करायला हवं. नाशकात आणि मुंबईतही मी जी दुसरी कोटेशनं मागवली, त्यांत तर पूर्ण फी मंजुरीवरच होती, काहींनी क्लेम दाखल करतानाच मागितली, आणि कायदा बदलला तर काय याबद्दल ब्र नाही. एकानं फोनवर "शंभर टक्के गॅरंटी" म्हटलं. त्याचा नंबर मी भाऊजींना दिला नाही.

कामाबद्दल: क्लेमची फाइल नीट लागली. विक्री रजिस्टर, जीएसटीआर-३बी (जीएसटीचं दरमहाचं विवरणपत्र) आणि सीएचं सर्टिफिकेट यांतले आकडे रुपयापर्यंत जुळवून घेतले, गेट रजिस्टरच्या नोंदीही मागितल्या, कारण माल खरंच राज्यात उतरला हे दाखवावं लागतं. जिल्हा उद्योग केंद्राकडून एक शंका आली, तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी गेलं. अपडेट व्हॉट्सॲपवर येतात, पण विचारल्याशिवाय नाही.

कुणी जावं? ज्यांचा माल मुख्यतः चाकण, वाळूज, रांजणगावला जातो आणि गुंतवणूक मोठी आहे, त्यांनी जरूर. ज्यांचा माल बहुतेक साणंद नाहीतर होसूरला जातो त्यांनी आधी घरीच २७ चा फिल्टर लावावा, कदाचित बैठकीची फीसुद्धा वाचेल. जाताना प्रमाणपत्राची सगळी पानं न्या, मागची अटींची पानं विशेष. विक्रीचं रजिस्टर एक्सेलमध्ये न्या, टॅलीची प्रिंट नको. फीचा करार तिथं वाचू नका, घरी आणा आणि एक रात्र ठेवा. महिन्याच्या १५ ते २० तारखेत जाऊ नका, ३बी च्या गडबडीत कुणी मान वर करत नाही. आणि खाली पार्किंग नाही, स्कूटरच न्या.